तिसरा आग्रह

मेहर २७, शुक्रवार

तलअत म्हणते, तुमची कुरकुर मला ऐकवू नका, वहीला ऐकवा. निवृत्त झाल्यापासून तेच करतो आहे. एरवी वहीत असतं काय? टोमॅटो आंबट निघाले, वरच्या मजल्यावरचा नळ गळतो, कनारी पक्ष्यांच्या जोडीतला नर गायचा थांबला. आज मात्र खरंच काहीतरी घडलंय आणि ते माझ्याच तोंडामुळे घडलंय.

सकाळी करजहून फरामर्जचा फोन आला. फरामर्ज माझा साडू, तलअतच्या थोरल्या बहिणीचा, अकरमचा नवरा. आमच्याकडे म्हणतात, खटाऱ्याला गाडी म्हणू नये आणि साडूला नातलग. फोनवर अगदी आनंदात होता. म्हणाला, "हाशेमजान, घरमालकाला सांगून टाकलं. फ्रीज खालच्या मजल्यावरच्या नव्या नवरीला देऊन टाकला. आता मी आणि एक पेटी. तू म्हणशील तेव्हा येतो."

मी म्हणालो, "तुमचं पाऊल आमच्या डोळ्यांवर." दुसरं काय म्हणणार?

अकरमला जाऊन चाळीस दिवस झाले, मागच्या शुक्रवारी तिचं चाळिसावं होतं. मशिदीचं दालन माणसांनी भरलेलं, खजूर आणि हलव्याची ताटं फिरत होती. फरामर्ज दाराशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी हात मिळवत होता. मला वाटलं, दोन शब्द बरे बोलावेत. म्हणालो, "एकटे कशाला राहता? आमच्याकडे कझवीनला या." तो म्हणाला, "छे, तुम्हाला कशाला त्रास." इथंच थांबायचं होतं. पण तलअतच्या आत्या शेजारीच उभ्या होत्या, म्हणून दुसऱ्यांदा म्हणालो. तो परत नको म्हणाला. तेवढ्यात मुल्लासाहेब म्हणाले, "असा साडू देव सगळ्यांना देवो." झालं. कौतुक ऐकलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. छातीवर हात ठेवून मी तिसऱ्यांदा म्हणालो.

पहिला आग्रह तोंडानं करायचा, दुसरा लोकांसाठी, आणि तिसरा केला की तो शब्द झाला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. फरामर्जनं डोळे पुसले आणि म्हणाला, "येतो."

तलअतला आज सगळं सांगितलं. ती चण्याची डाळ निवडत होती. म्हणाली, "म्हणजे मला आता स्वतःच्या घरातसुद्धा डोक्यावरचा रुमाल काढता येणार नाही." खरंच आहे. बहिणीचा नवरा म्हटला तरी तिच्यासाठी तो परका पुरुष. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तीनदा म्हणालात?" मी म्हणालो, "हो." "मग झालं," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आदळायला लागली. त्या आवाजातच मला उत्तर मिळालं. तिला तो घरात नको आहे.

मेहर ३०, सोमवार

उपाय सापडला. दर वर्षी आबान महिन्यात, बर्फ पडायच्या आधी, आम्ही चौघं तालेकानच्या धरणावर तंबू टाकायला जायचो. यंदा मी आणि फरामर्ज दोघंच जाऊ. डोंगरात माणसाचं मन मोकळं होतं, तिथं त्याला हळूच सांगून टाकीन की तलअतची अडचण होते. बायकोच्या अडचणीपुढं कुठलाही पुरुष काही बोलत नाही. तो परत करजला जाईल, घरमालक जुना ओळखीचा आहे, अजून भाडेकरू मिळाला नसेल.

हा बेत तलअतला सांगितला नाही. फक्त धरणावर चाललोय एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "जाऊन या. तेवढ्यात मलाही वेळ मिळेल." कशाला वेळ, ते मी विचारलं नाही. रागावलेल्या बाईला प्रश्न विचारू नये.

एक गोष्ट इथं लिहून टाकतो, म्हणजे मनातून जाईल. छोटी खोली माझी आहे. तिथं कनारींचे पिंजरे आहेत, रेडिओ आहे आणि खिडकीपाशी माझी खुर्ची आहे. तेहतीस वर्षं बँकेच्या खिडकीच्या आत बसून काढली, आता कुठं ही दुसरी खिडकी नशिबी आली. पण मुद्दा तो नाही. मुद्दा तलअतच्या रुमालाचा आहे.

आबान ३, गुरुवार

धरणावर आलो. करजला फरामर्ज फाटकाशीच उभा होता. सोबत एक भलीमोठी पेटी, एक गादी, आणि हातात लाल जिरेनियमची कुंडी. म्हणालो, "चार दिवसांच्या तंबूला एवढं सामान?" तो हसला. म्हणाला, "इथं परत येणं नाही ना. उतरल्यावर तुझ्याबरोबर सरळ घरीच. किल्ली घरमालकाच्या हातात देऊन आलो."

पूर्ण घाटभर मी नजर रस्त्यावरच ठेवली. कुंडी त्यानं मांडीवर धरली होती आणि प्रत्येक वळणावर तो तिला हातानं सावरत होता.

पाणी खूप खाली गेलंय. काठावर चिखलाच्या पायऱ्या सुकल्या आहेत. उंच सरळसोट झाडं पिवळीधम्मक झाली आहेत आणि आमच्याखेरीज काठावर कुणी नाही. उन्हाळ्यात इथं तंबूला तंबू लागतो, धूर आणि पोरांचा गोंगाट. आता पाण्यावर एखादा पक्षी उतरला तरी ऐकू येतं.

तंबू ठोकताना कळलं की एका बाजूला जमीन मऊ आहे आणि दुसऱ्या बाजूला खडे. मी म्हणालो, "तुम्ही इकडं झोपा, मऊ आहे." "नको, तू झोप." मी परत म्हणालो. तो परत नको म्हणाला. मग मी माझं पांघरूण मऊ बाजूला टाकलं. फरामर्जची ही जुनी सवय आहे. तिसऱ्यांदा म्हटल्याशिवाय तो काही घेत नाही, मग तो चहा असो की भाकरीचा तुकडा. अकरम त्याला चिडवायची, "माझ्या बापानं तीनदा विचारलं म्हणून याचं लग्न झालं, नाहीतर बिनलग्नाचा मेला असता." माझी पाठ दुखते, म्हणून मी तिसऱ्यांदा म्हणालो नाही. तो समजूतदार आहे.

एका काडीत शेकोटी पेटवली त्यानं. माझ्या नेहमी पाच लागतात. सासरे म्हणायचे, आग पेटवावी तर फरामर्जनं. आणखीही बरंच काही फरामर्जनंच करावं असं त्यांचं मत होतं.

आबान ४, शुक्रवार

फोनला रेंज फक्त वरच्या रस्त्याच्या वळणावर मिळते. सकाळी तिथं चढून तलअतला फोन केला. मागून ठाकठूक ऐकू येत होती. विचारलं तर म्हणाली, "भिंतीत खिळे मारतेय." मग मलाच विचारायला लागली, "त्यांना उशी कशी लागते? कडक की मऊ?" आवाज अगदी सरळ होता. म्हणूनच मला कळलं की टोमणा आहे. चाळीस वर्षांचा संसार आहे, एवढं कळतं. मी म्हणालो, "मला काय माहीत." ती म्हणाली, "शेजारी झोपलेत ना, बघून सांगा." फोन ठेवला.

तलअत एवढी चिडली आहे म्हणजे आज सांगायलाच हवं, असं ठरवून खाली उतरलो.

खालच्या गावातली एक बाई अक्रोड विकायला आली होती, हात सालींनी काळेभोर झालेले. फरामर्जनं पिशवीभर घेतले. मला वाटलं आत्ताच खाणार. पण त्यानं पिशवीला गाठ मारली. म्हणाला, "तलअतबाईंना डाळिंबाच्या कालवणात घालायला. रिकाम्या हातानं घरात पाऊल टाकू नये."

दुपारी नर्दचा पट मांडला. तीन डाव मी हरलो.

"फासे तुझ्याकडे बघून लाजतात, हाशेम."

"तुम्ही हात फिरवून टाकता, तोंडानं फुंकर मारता. ही काय खेळायची रीत?"

"रडत्याचे डोळे पुसायला रुमाल देऊ का?"

"द्या. तोही जिंकूनच घेतला असेल."

तो खदखदून हसला. चाळिसाव्यानंतर पहिल्यांदाच त्याला असा हसताना पाहिलं. अशा वेळी कसं सांगायचं? उद्या सांगेन.

बोलता बोलता मी सहज विचारलं, "तुमचा तो जंजानचा पुतण्या, त्याची काही खबर?" तो म्हणाला, "सियावश? अकरम गेल्याचं कळवायला फोन केला होता. नंबर बदललाय. माणसाला माणूस हवासा असला तर तो नंबर बदलत नाही, हाशेम." आणि पटावरच्या सोंगट्या गोळा करायला लागला.

आबान ५, शनिवार

आजही सांगितलं नाही. देवानं मला जीभ दिली ती मशिदीच्या दालनात वापरायला, इथं वापरायला नाही.

सकाळी मी तोंड उघडणार तोच त्यानं स्वतःच विषय काढला. किटलीखालचे निखारे सारखे करत म्हणाला, "मी सगळा विचार केलाय. तलअतबाईंना माझा जाच व्हायला नको. सकाळी भाकरी मी आणीन. नाश्ता झाला की नमाजापर्यंत बाहेर, बागेत नाहीतर बाजारात. तेवढा वेळ त्यांना घरात मोकळं वावरता येईल. दुपारी मी खोलीत पडतो, दार लावून. जिना चढताना खाकरत येईन. आणि आवाज दिल्याशिवाय स्वयंपाकघरापाशी कधीच येणार नाही."

मी चहा ढवळत राहिलो. साखर घातलीच नव्हती.

"पक्षी हलवू नकोस हं," तो म्हणाला. "मला आवाज आवडतो. अकरम गेल्यापासून घरात साधा चमचा पडल्याचाही आवाज नाही. तुझी खुर्चीही राहू दे खिडकीशी. तू बस, मी खाली गालिच्यावर बसेन. मी काही बोलणार नाही."

हे ऐकून मला स्वतःची किळस आली, हे मी इथं स्पष्ट लिहितो. पण किळस आली म्हणून खोली मोठी होत नाही. आणि मी काय माझ्यासाठी करतोय का? तलअतच्या जागी कुणीही बाई असती तरी हेच म्हणाली असती.

दुपारी वारा सुटला. पानं पाण्यावर पडून काठाला लागली. कुंडी वाऱ्यात उलटू नये म्हणून त्यानं ती तंबूच्या आत, आपल्या उशाशी ठेवली. उशीचं पाहून घेतलं. उशी म्हणून तो कोट घडी करून घेतो.

आबान ६, रविवार

सांगितलं.

आज शेवटचा दिवस होता, टाळायला आता दुसरा दिवसच उरला नव्हता. जेवणानंतर राखेत भाजलेले बटाटे सोलत बसलो होतो. मी पाण्याकडे बघत बोललो. म्हणालो, "आगा फरामर्ज, माझं काही नाही, माझं घर ते तुमचं घर. पण तलअत… तुम्ही बायकांचं जाणता. दिवसभर डोक्यावर रुमाल, गुडघे दुखतात, उन्हाळ्यात जीव घाबरा होतो. तोंडानं ती काही बोलत नाही. पण भांडी आदळते."

तो बटाटा सोलत राहिला. पूर्ण सोलून झाल्यावर त्याचे दोन भाग केले, मीठ लावलं आणि मोठा भाग माझ्यापुढं धरला. मग हसून म्हणाला, "अरे, बरं झालं तूच विषय काढलास. मी कधीचा तुला सांगायचं म्हणतोय. सियावश मागेच लागलाय, काका जंजानला या म्हणून. मोठं घर आहे, अंगण आहे. मी आपला तुला वाईट वाटेल म्हणून गप्प होतो."

काय योगायोग. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. शुक्रवारी तर म्हणाला होता की नंबर बदललाय. मधल्या काळात लागला असेल. वळणावर चढून त्यानं फोन केला असेल, मला काय माहीत. तो एकदाही वर चढताना दिसला नाही, पण मी काही सगळा वेळ त्याच्याकडे बघत नव्हतो.

तरी रीत म्हणून मी म्हणालो, "ते काही नाही, तुम्ही आमच्याकडेच चला. तलअतची समजूत मी घालतो."

तो म्हणाला, "नको रे, कशाला त्रास."

मी दुसऱ्यांदा म्हणालो, "चला म्हणतो ना. अकरमला काय वाटेल?"

तो म्हणाला, "नको, हाशेमजान. तुझी सावली आमच्यावर असू दे, तेवढं पुरे."

मग तो थांबला. चहाचा पेला हातात होता, साखरेचा खडा दातात धरलेला, पण घोट घेत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मी काही म्हणणार होतो, देवाशपथ म्हणणार होतो, तेवढ्यात किटली फसफसली आणि पाणी निखाऱ्यांवर सांडलं. मी ती उतरवायला उठलो. उतरवून परत बसलो तेव्हा तो चहा पिऊन पाण्याकडे बघत होता.

आता लिहिताना मन हलकं वाटायला हवं होतं. सगळं छान निभावलं, कुणाचा शब्द मोडला नाही, कुणाला लागलं नाही. पण हात सारखा थांबतो. किटली उतरवायला किती वेळ लागतो? त्यानंतरही सबंध दुपार होती, संध्याकाळ होती.

आबान ७, सोमवार

सकाळी तंबू गुंडाळला. फरामर्जनं शेकोटीवर पाणी टाकलं, राख पसरली, अक्रोडाची एक साल पडली होती तीही उचलली. जणू तिथं कुणी राहिलंच नव्हतं. वाटेत गप्पा मारत होता. सियावशच्या अंगणात चेरीचं झाड आहे म्हणाला.

कझवीनच्या बसस्थानकावर त्याला उतरवलं. पेटी आणि गादी मी बाकापर्यंत नेली. म्हणालो, तिकीट काढून देतो. तो म्हणाला, "तू निघ. गर्दी वाढेल, तुझी गाडी चुकीच्या जागी उभी आहे." गाडी बरोबर जागी उभी होती. मी आणखी एकदा म्हणालो, "मग काय, नक्की जंजानला ना?" तो म्हणाला, "नक्की." कुंडी आणि अक्रोडांची पिशवी त्यानं माझ्या हातात दिली. म्हणाला, "बसमध्ये ही मोडेल. तलअतबाईंना दे. पाणी एक दिवसाआड." मग मिठी मारली आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. त्याच्या कोटाला धुराचा वास होता.

घरी आलो. जिना चढताना मी खाकरलो. का, ते माहीत नाही.

तलअतनं दार उघडलं. डोक्यावर नवा रुमाल, बारीक निळ्या फुलांचा, पिन लावून नीट बसवलेला. अंगात लांब बाह्यांचा झगा. घरात मसाल्याचा वास. डाळिंबाचं कालवण शिजत होतं. माझ्या खांद्यावरून तिनं मागं जिन्याकडे पाहिलं.

"ते गाडी लावतायत का?"

मी बूट काढले. ती बाजूला झाली आणि मला छोट्या खोलीचं दार दिसलं. खोलीत पलंग टाकलेला. भिंतीवर नव्या खुंट्या. मधोमध पडदा, तोही तिनंच शिवलेला. पिंजरे तिथंच, खुर्ची तिथंच. पलंगावर दोन उशा, एक कडक, एक मऊ.

"खिळे यासाठीच मारत होते," ती म्हणाली. "उशीचं तुम्ही सांगितलंच नाही, म्हणून दोन्ही भरल्या. ते कुठं आहेत?"

मी म्हणालो, "जंजानला. पुतण्याकडे. त्यांचीच इच्छा होती."

"अकरमच्या मयताला न आलेल्या पुतण्याकडे?"

मी म्हणालो, "तुला त्रास झाला असता. तू भांडी आदळत होतीस."

"मी बहिणीसाठी आदळत होते," तलअत म्हणाली. "रडायला आलं की मी भांडी घासते. चाळीस वर्षांत एवढंही कळलं नाही?"

कुंडी अजून माझ्या हातात होती. तिनं ती घेतली आणि खिडकीत ठेवली. पाठमोरी असतानाच विचारलं, "तुम्ही त्यांना किती वेळा म्हणालात?"

मी म्हणालो, "दोनदा."

आबान ८, मंगळवार

फोन बंद लागतो. सकाळी बसस्थानकावर जाऊन आलो. चहावाला म्हणाला, पेटी आणि गादीवाला म्हातारा ना, तो संध्याकाळपर्यंत बाकावर बसला होता, जंजानच्या दोन गाड्या त्याच्या समोरून गेल्या. नंतर कुठं गेला ते त्यानं पाहिलं नाही. करजच्या घरमालकाला फोन केला, तिथंही नाही. उद्या जंजानला जातो, तिथून करजला. सापडेपर्यंत फिरतो. सापडला की काय म्हणायचं ते मला माहीत आहे, ते मी आज गाडीत दहादा मोठ्यानं म्हणून पाहिलं. सोपं आहे. तीन शब्द आहेत.

तलअत माझ्याशी बोलत नाही, पण जेवण वाढते. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो की पदर सावरावा तसा रुमाल पुढं ओढते. आज घरात आम्ही दोघंच आहोत. कालपासून तिनं तो काढलेला नाही.